आधी ताणा, मग बाणा

नाताळ जवळ आला की यशया आणि मीखा यांची दोन-चार वचने वाचली जातात आणि लगेच बेथलेहेमचा गोठा येतो. माझी तक्रार त्या ‘लगेच’बद्दल आहे. भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको: ताण्याचा बीम मागावर चढल्याशिवाय नुसता धोटा फेकून कापड होत नाही. ख्रिस्तजन्माच्या कथेचा ताणा म्हणजे हे संदेष्टे. आपण आडव्या बाण्याचा रंग बघत बसतो. उभे धागे कुणी, कोणत्या संकटात ताणले, ते विचारतच नाही. यशयाचेच पाहा. इसवी सनापूर्वी 734 च्या सुमारास अराम आणि इस्राएलचे राजे यरुशलेमवर चालून आले, तिथला राजा आहाज भेदरला. यशयाने त्याला सांगितले, इम्मानुएल नावाचे मूल जाणते होण्याआधी या दोन्ही राजांचे देश ओस पडतील. हे बोलणे आहाजासाठी होते. शुभवर्तमानकार मत्तयाने ते येशूला लावले सुमारे आठ शतकांनी. होशेयाचेही तसेच: मत्तयाने येशूला लावलेल्या त्याच्या वचनातला मिसरातून बोलावलेला पुत्र म्हणजे होशेयाच्या लेखी इस्राएल लोक.

कुणी म्हणेल, मग मत्तयाने ओढूनताणून अर्थ लावला. मला ते पटत नाही. जुने वचन नव्या संकटात पुन्हा वाचणे ही यहुद्यांचीच रीत. यिर्मयाची सत्तर वर्षे दानीएलाच्या पुस्तकात अशीच नव्याने मोजली आहेत. मत्तयाने त्याच ताण्यावर आपला बाणा घातला. त्याच ताण्यावर दुसरे कापडही निघते: आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी हाच यशया वाचतात, एलियाहू हनाबी म्हणजे संदेष्टा एलिया याच्या नावाने मलिद्याचा विधी करतात, पण येशूला मसीहा मानत नाहीत. ताणा ठाऊक असला, तर त्यांचे वाचन आपल्याला परके वाटणार नाही. आणि हा इतिहास साध्या भाविकाला जड जातो, असे तर म्हणूच नका. फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात राशोलला छापले गेले. त्यातले ‘पैलें पुराण’ 36 अवस्वरांचे, म्हणजे सर्गांचे, आहे. सृष्टीपासून संदेष्ट्यांपर्यंत सगळे त्यात आहे, आणि येशूचा जन्म येतो दुसऱ्या पुराणात. नवख्रिस्ती गोमंतकीयांना त्यांनी ताण्याचा एवढा मोठा बीम आधी दिला, आणि आपल्याला दोन-चार वचनांत आटोपायचे असते!

वेळ संपत आली. गोठ्यातल्या बैल-गाढवांविषयी सांगायचे होते. ती शुभवर्तमानांत नाहीतच. ती यशयाच्या पहिल्या अध्यायात आहेत, आपल्या धन्याला ओळखणारी. यंदा गोठा मांडायच्या आधी तो अध्याय काढाच. आणि इम्मानुएलच्या सातव्या अध्यायापर्यंत गेलात, तर पुन्हा सांगतो, आधी आहाज.