क्रीडावार्तांकनातील समतेचा प्रश्न : स्वागताध्यक्षीय भाषण



मार्च 1795 मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईने ज्या गावाचे नाव इतिहासात कोरले गेले आणि ज्याच्या तालुक्यातील चोंडी ही पुण्यश्लोक अहिल्यादेवींची जन्मभूमी आहे, त्या खर्ड्यात स्वागत समिती सर्व उपस्थितांचे मनःपूर्वक स्वागत करते. क्रीडावार्तांकनातील स्त्री-पुरुष विषमता हा या परिषदेचा विषय आहे. वार्तांकन म्हणजे केवळ निकाल छापणे नव्हे. कोणत्या मैदानावर वार्ताहर पाठवावा, कोणाचे छायाचित्र घ्यावे, किती जागा द्यावी आणि कोणते शब्द वापरावेत, या निवडींची ती साखळी असते व विषमता याच निवडींत रुजते.

या विषमतेचे उदाहरण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या तांबड्या मातीतच सापडते. ‘महाराष्ट्र केसरी’ ही कुस्ती स्पर्धा 1961 मध्ये सुरू झाली. महिलांसाठी तशी स्पर्धा मात्र मार्च 2023 मध्ये सांगलीत प्रथम झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. जानेवारी 2025 मध्ये वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे अहिल्यानगर जिल्ह्याच्या भाग्यश्री फंड हिने हा किताब मिळवला. त्यानंतर काही दिवसांतच पुरुषांची स्पर्धा अहिल्यानगर शहरात झाली आणि पंचांच्या निर्णयावरील वादामुळे दीर्घकाळ गाजत राहिली. जिल्ह्याच्या लेकीचा डाव, तिचा सराव आणि तिची तालीम यांना मात्र तेवढी चर्चा लाभली नाही.

नावातही हीच विषमता दिसते. पुरुषांची स्पर्धा नुसती ‘महाराष्ट्र केसरी’, तर स्त्रियांची ‘महिला महाराष्ट्र केसरी’ असते. एका गटाला मूळ मानून दुसऱ्याला विशेषण जोडण्याच्या या पद्धतीला लिंगनिर्देशित नामकरण म्हणता येईल. क्रिकेटचा पहिला विश्वचषक 1973 मध्ये महिलांनी खेळला, पुरुषांचा 1975 मध्ये झाला. तरीही ‘विश्वचषक’ हा शब्द विशेषणाशिवाय पुरुषांच्याच वाट्याला आला.

वाचकांना रस नाही, असे कारण अनेकदा पुढे केले जाते; परंतु आवड ही दाखवण्यातून आणि सांगण्यातून घडते. बातमी नसेल तर पुरस्कर्ता येत नाही, पुरस्कर्ता नसेल तर जत्रेतील कुस्त्यांच्या हगाम्यात मुलींच्या कुस्तीचे इनाम तुटपुंजे राहते आणि इनामाअभावी खुराक व सराव थांबला की बातमीयोग्य खेळाडूच घडत नाही, असे हे दुष्टचक्र आहे. प्रो कबड्डी 2014 पासून बहरली, तर 2016 मध्ये सुरू झालेली तीन संघांची महिला कबड्डी स्पर्धा एका हंगामानंतर थांबली. याउलट 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेट विश्वचषक जिंकला, तेव्हा भरलेल्या स्टेडियमने रस नसल्याच्या समजाला उत्तर दिले.

म्हणून या परिषदेने गावपातळीवरील वार्ताहरांसाठी एक साधा दंडक ठरवावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे : जत्रेतील मुलींच्या कुस्तीची बातमी नाव, गाव, वस्ताद, वजनगट आणि निर्णायक डाव यांसह द्यावी आणि खेळाडूच्या दिसण्यावर वा लग्नावर एकही ओळ खर्चू नये. खर्ड्याची लढाई बखरींनी आणि पत्रांनी नोंदवली म्हणून ती स्मरणात राहिली. या मातीतल्या मुलींच्या विजयांनाही तशीच नोंद मिळावी, हीच अपेक्षा.