आजच्या दिवसापुरती भाकर

ख्रिस्ती माणसाचा देवावरचा भरवसा मोठ्या संकटात कसाला लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण घर जळणे, तरुण मुलगा जाणे, विश्वासासाठी छळ होणे असे प्रसंग आयुष्यात एकदोनदाच येतात. मुलांची फी, थकलेले भाडे, सासूचे आजारपण, सुटलेली नोकरी, दारू पिणारा भाऊ हे मात्र रोजचे असते. बायबल भरवशाची गाठ या रोजच्या गोष्टींशी, आणि त्यातही पोटाशी, वारंवार घालते. प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांच्या मागोमाग भाकरीची मागणी येते. ती भाकर आजच्या दिवसापुरती आहे. महिन्याचा किराणा किंवा म्हातारपणाची तरतूद त्या मागणीत नाही.

या मागणीचे मूळ बरेच जुने आहे. निर्गमाच्या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी पडतात, मोशेवर कुरकुर करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जमिनीवर मान्ना पडलेला दिसतो. माणशी एक ओमर एवढाच तो गोळा करायचा असा नियम होता. उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत आणि दुर्गंधी सुटे. शब्बाथ पाळायचा म्हणून सहाव्या दिवशी तेवढी दुप्पट मुभा. या कथेतील एक बारीक गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. ऊन चढले की मान्ना वितळून जाई, म्हणून तो सकाळीच उठून वेचावा लागे. अन्न देवाने दिले हे खरे, पण पहाटेची झोप मोडून वाकून गोळा करण्याचे काम माणसांकडेच राहिले.

डोंगरावरील प्रवचनातील पाखरांचा आणि रानफुलांचा दृष्टान्त वाचतानाही हे ध्यानात ठेवावे लागते. तो ऐकणारे लोक गालीलातले शेतकरी, कोळी आणि रोजंदारीवर जगणारे मजूर होते. दिवसाचे एक दीनार हातात पडेल की नाही, या विवंचनेत सकाळी बाजारात उभे राहणारे मजूर येशूच्या दुसऱ्या एका दृष्टान्तात येतातच. शेत टाका, जाळी टाका आणि बसून राहा, असा त्या प्रवचनाचा अर्थ या श्रोत्यांनी घेतला असेल, हे संभवत नाही. पाखरेसुद्धा दिवसभर चाऱ्याच्या मागे असतात. प्रवचनाचा रोख उद्याच्या काळजीवर आहे. आजचा त्रास आजच्या दिवसाला पुरेसा आहे, असे येशू तिथे सांगतो. त्रास नाहीच, असे तो कुठेही म्हणत नाही.

भरवसा ठेवणाऱ्याने तक्रार करू नये, ही समजूतही मंडळ्यांमध्ये पक्की बसलेली आहे. तिला बायबलचा आधार मिळत नाही. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांतील मोठा भाग विलापाचा आहे. 13 व्या स्तोत्राचा कवी सुरुवातीलाच देवाला ‘किती काळ’ असे चार वेळा विचारतो. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, पण 88 वे स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. ज्यांनी ही स्तोत्रे एकत्र केली, त्यांना ते वगळावेसे वाटले नाही. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शिव्याशाप दिले आणि देवाला जाब विचारला. तरीही पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग आहे तो ईयोबाला गोडगोड उपदेश करणाऱ्या मित्रांवर. खुद्द येशूने वधस्तंभावर ज्या आर्त प्रश्नाने हाक मारली, तो 22 व्या स्तोत्राचा आरंभ आहे. देवाशी भांडणे म्हणजे देवाला सोडणे नव्हे. ज्याच्यावरचा भरवसा संपला त्याच्याशी कोणी भांडत बसत नाही. तरी आजच्या उपासनांमध्ये स्तुतिगीतांचा भर इतका असतो की, विलापाला जागा उरत नाही, आणि दुःखी माणूस मागच्या बाकावर मुका बसून राहतो.

नव्या करारात या विषयावर सर्वांत मोकळेपणाने बोलतो तो पौल. तो तंबू शिवून पोट भरत होता. करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याकडे राहून त्याने हाच धंदा केला. त्याच्या शरीरात एक काटा होता, असे तो लिहितो. हा काटा म्हणजे नेमका कोणता आजार, याची चर्चा टीकाकार शतकानुशतके करत आले आहेत. त्याने तीनदा प्रार्थना केली आणि काटा निघाला नाही. देवाची कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर मिळाले. फिलिप्पैकरांना त्याने पत्र लिहिले ते बेड्यांत असताना. भरपूर असताना आणि उणे असताना कसे राहावे हे आपण शिकलो, असे तो त्यात सांगतो. त्याचे समाधान जन्मजात नव्हते, तुरुंगवास, फटके आणि भूक सोसत ते त्याच्या अंगवळणी पडले. अशा माणसाचे नाव घेऊन विश्वास ठेवला की पैसा आणि आरोग्य हमखास मिळते, अशी शिकवण काही व्यासपीठांवरून दिली जाते. तिचा पौलाच्या आयुष्याशी कसलाही मेळ बसत नाही.

तशीच दुसरी चूक औषधोपचार टाळण्याची. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पौलाच्या नावाच्या पत्रात आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने सुचवले तेव्हा येशूने नकार दिला. देवावर भरवसा ठेवणे आणि देवाची परीक्षा पाहणे यांत त्याने स्पष्ट भेद केला. याकोबाचे पत्र तर याहून कडक आहे. उघड्या आणि उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास मेलेला आहे, असा त्या पत्राचा निकाल आहे. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी प्रार्थना केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या कामावर सात माणसे नेमली. एकाचा भरवसा टिकावा म्हणून दुसऱ्याने शिधा पोचवावा लागतो, ही गोष्ट मंडळीला पहिल्या काही वर्षांतच कळली होती.

मराठी ख्रिस्ती घरांत हा भरवसा साध्या रीतींनी टिकून राहिला. सकाळ-संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना, रविवारची उपासना, आजाऱ्याच्या घरी पाळकांची आणि शेजाऱ्यांची भेट, परीक्षेला बसलेल्या मुलांची नावे घेऊन केलेली विनंतीची प्रार्थना या त्या रीती. गोव्यातील कॅथलिक कुटुंबांत संध्याकाळच्या तेर्साने, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेने, हेच काम केले. दिवसभराची चिंता एका ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत देवापुढे ठेवायची, म्हणजे ती रात्रभर डोक्यात फिरत नाही. ज्या दिवशी मन प्रार्थनेला तयार नसते, त्या दिवशी हे ठरीव शब्दच उपयोगी पडतात.

या रोजच्या भरवशाचे सर्वांत जिवंत चित्र मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सापडते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मधल्या काळात नवऱ्यापासूनची ताटातूट, माहेरच्यांचे दुःख आणि सोवळ्याओवळ्याचा स्वतःशीच चाललेला झगडा यांतून त्या गेल्या. त्यांचा विश्वास एका रात्रीत उजळलेला नाही. टिळक हातातला पैसा मागेल त्याला देऊन टाकणारे, तापट आणि मनस्वी होते. घर चालवायचे ते लक्ष्मीबाईंनी. 1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा संघ उभारायला ते निघाले. 1919 साली त्यांचे निधन झाले. पुढची सतरा वर्षे लक्ष्मीबाईंनी वैधव्यात काढली आणि त्याच काळात टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेले. 1934 पासून निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’च्या भागांत या ओढगस्तीचे वर्णन आहे, पण कुरकुरीचा सूर जवळजवळ नाही. चमत्कारांच्या साक्षीही फारशा नाहीत. आहे तो विनोद, नवऱ्याची थट्टा आणि स्वतःची त्याहून अधिक. भक्तिपर साहित्यात विनोदाला क्वचितच जागा मिळते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मात्र तो त्यांच्या भरवशाचाच एक भाग होता, असे मानायला हरकत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आकाराने मोठे आहे, पण त्याचाही पाया भाकरीच आहे. रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थयात्रा करत आणि पुराणे सांगत हिंडत. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांच्याजवळचे सारे संपले. कष्टाची कामे करण्याची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज वाटे. आईवडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे विद्वत्तेचा मान मिळाला. 1880 मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी पुढे लग्न झाले, पण 1882 मध्ये नवराही गेला. पदरी लहानगी मनोरमा होती. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

1889 मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. अमेरिकेतील हितचिंतकांनी संस्थेच्या खर्चाची हमी दहा वर्षांपुरती घेतली होती. ती मुदत 1898 मध्ये संपणार होती. म्हणून रमाबाईंनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली. फळझाडांच्या उत्पन्नावर संस्था चालावी असा बेत होता. एवढ्यात 1896–97 चा दुष्काळ पडला. लहानपणी स्वतः सोसलेली भूक आठवून त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती होती आणि एवढ्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावच्या शेतावर तात्पुरती छपरे उभी राहिली, त्यांतूनच मुक्ती सदन झाले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या पंगतीचा खर्च कुणाही एका संस्थेने उचललेला नव्हता. या बाबतीत रमाबाईंपुढे ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचा आदर्श होता. म्यूलर यांनी 1836 पासून अनाथालये चालवली आणि कुणाकडेही पैसे न मागता फक्त देवाकडे मागण्याचा नेम पाळला. ते कामाचे आणि हिशोबाचे अहवाल मात्र छापत असत, आणि त्या अहवालांमुळेही लोकांचे हात खिशाकडे वळत असतील, अशी शंका घेता येते. ती रास्तही आहे. पण असे वळलेले हातही देवाचीच देणगी आहेत, असे विश्वास ठेवणारा म्हणेल. हिशोब चोख ठेवणे त्या भरवशाच्या आड आले नाही, एवढे तर खरेच. रमाबाईंनीही केडगावात प्रार्थनेच्या जोडीला विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा आणि छापखाना सुरू केला. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली आणि त्या कामात मनोरमाचा वाटा मोठा होता.

मनोरमाच आईमागे संस्था सांभाळणार, असे सर्वांनी धरले होते. जुलै 1921 मध्ये तिचे वयाच्या चाळिसाव्या वर्षी निधन झाले. रमाबाई तेव्हा बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. हे काम त्यांनी त्यानंतरही थांबवले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या तेव्हा ते पुरे झालेले होते. केडगावची संस्था अजून चालू आहे आणि निराधार स्त्रिया व मुले तिथे आजही राहतात.