शाकारलेली होडी आतून बघू या

मंडळी, १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होडी वर ओढली, झाप घातले, की आपण निर्धास्त होतो. पण खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणीच लाकडाचे वैरी. मिठाने कुजणे मंदावते. गोडे पाणी साचले, की लाकडाला बुरशी धरते.

म्हणून मोठी सर गेली, की आत डोकावू या. ओल दिसते तिथेच भोक असते असे नाही. पाणी एकीकडे शिरते, फळीवरून ओघळते नि भलतीकडे टपकते.

मग ते शोधायचे कसे? उघडीप बघून एकाने बाहेरून पाणी ओतावे; आधी खालच्या फटीवर, मग वर वर. दुसऱ्याने आत बसावे. थेंब दिसला, की खडूने खूण करावी.

ओल्या फटीत भरलेले टिकत नाही. फट सुकू द्यावी. जुना कापूस काढावा. राळ-तेलात भिजवलेला नवा कापूस ठोकून भरावा. तोवर नाळ उंच ठेवून मागचे बूच काढावे, म्हणजे पाणी साचणार नाही.

होडी टिकली, तर आपली चूल पेटते. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात लोटताना बूच मात्र आठवणीने लावू या!