दहावीनंतरचीं दोन वर्षें

नागपूर जिल्ह्यांतील कुहीच्या परिसरांत भाताप्रमाणेंच मिरचीचेंही पीक येतें. मिरची दूरच्या बाजारांत पाठविण्यापूर्वी तिचे देठ खुडावे लागतात. हें काम जेथें चालतें त्या जागेस ‘सातरा’ म्हणतात. मजुरी वजनावर. मायलेकी दोघी बसल्या तर रोकड लौकर हातीं येते. मग दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीनें पुढें शिकावें कशाला, असें बाप विचारतो. त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हे. चूल आजच पेटावयाची असते.

परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. हंगाम सरला कीं सातऱ्याची मजुरी सरली. आणि दहा वर्षें देठ खुडले तरी नवख्या बाईस जो दर, तोच हिलाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्रीचें शिक्षण दोन वर्षांचें असतें. तें ज्ञान बुटीबोरीच्या कारखान्यांत उपयोगी पडतें, तसेंच शेतावरील पंपाच्या दुरुस्तींतही. पुढें १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वयें कारखान्यांत उमेदवारी करतांना विद्यावेतनही मिळतें. मुलींस ह्या शिक्षणाची मनाई नाहीं. समजूत मात्र तशी आहे.

अडचण मधल्या दोन वर्षांची. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनीं विद्यार्थ्यांस श्रम करून शिकण्याची वाट दाखविली. तेव्हां सुटीच्या दिवशीं मुलगी सातऱ्यावर बसली तर त्यांत कमीपणा कसला?

फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्या : प्रमाणपत्र सरकारमान्य आहे काय, आणि मागील तुकडीचीं मुलें आज कोठें कामास आहेत? दुसऱ्याचें उत्तर कचेरींत न मिळाल्यास त्या मुलांच्या घरीं जाऊन विचारावें.