शिडाची शाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी विषय कोणता, अशी विचारणा कार्यवाहांनी केली तेव्हा आम्ही 'शिडाची होडी' असे उत्तर दिले. त्यांनी क्षणभर आमच्या मुद्रेकडे पाहिले आणि मोठ्या सौजन्याने विचारले, "साहेब, भिलाईत?" त्यांची शंका रास्त होती. येथून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तथापि आम्ही त्यांच्या निदर्शनास एक गोष्ट आणून दिली. ज्या संस्थेच्या पगारावर आपल्यापैकी बहुतेकांचे संसार उभे राहिले, तिचे १९७३ सालापासूनचे संक्षिप्त नाव 'सेल'. आणि इंग्रजीत सेल म्हणजे शीडच की! इतकेच नव्हे, तर २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी सेलने जे सुमारे तीस हजार टन खास पोलाद पुरविले, त्यात बोकारो आणि रूरकेला यांच्या जोडीने आपल्या भिलाईचाही वाटा आहे. तेव्हा भिलाईचा समुद्राशी संबंध नाही, असे कोणी म्हणू नये.

आता आमच्याविषयी. आमचे मूळ गाव वर्धा नदीच्या काठचे. आमच्या घराण्यात नदीच्या डोहापलीकडचे पाणी कोणी पाहिलेले नव्हते. परंतु बी. ए. ला आम्ही इतिहास घेतला होता. शिवछत्रपतींचे आरमार, सिंधुदुर्गाची उभारणी, कान्होजी आंग्र्यांची गलबते आणि गुराबे यांविषयी पुष्कळ वाचले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, हे आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगत असू. या वाचनाचा एक दुष्परिणाम असा झाला की, समुद्र आपल्या रक्तातच आहे, अशी आमची समजूत झाली. पुढे केंद्र सरकारच्या सेवेत मुंबईस बदली झाली, कचेरीच्या खिडकीतून बंदरातली पांढरी शिडे दिसू लागली, आणि वयाच्या पन्नासाव्या वर्षी आम्ही होडी विकत घेतली.

श्रोतेहो, येथेच आमची पहिली चूक झाली. आम्ही आधी होडी घेतली आणि शिकण्याचा विचार मागाहून केला.

होडी 'एंटरप्राइझ' या जातीची होती. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली आखलेली ही सुमारे तेरा फुटी, दोघांनी चालवावयाची होडी. एका ओळखीच्या गृहस्थांकडून ती आम्हांस स्वस्तात मिळाली. नवा रंग चकाकत होता. रंगाखाली काय आहे, हे आम्ही पाहिले नाही. कचेरीत साध्या कपाटाच्या खरेदीसाठी तीन ठिकाणची दरपत्रके मागविणारे आम्ही. पण होडीच्या बाबतीत डोळे मिटून पैसे मोजले.

जुनी होडी घेताना काय पाहावे, हे आता आम्ही अनुभवाने सांगू शकतो. लाकडी होडी असेल तर सांध्यांवर आणि तळावर अंगठ्याने दाबून पाहावे. लाकूड मऊ लागले तर ते आतून कुजले आहे असे समजावे. फायबरची असेल तर बोटाच्या पेराने ठोकत जावे. टणक आवाज बदलून भद्द येऊ लागला की तेथे थर सुटले आहेत असे जाणावे. होडीला तरंगत ठेवणारे हवेचे बंद कप्पे असतात. त्यांची बुचे आणि सांधे तपासावेत. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचा एकेक धागा पाहावा. शीड उन्हाने जर्जर झाले आहे काय, हे शिवणीपाशी कळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सोबत एखादा जाणकार न्यावा. आम्ही यांपैकी काहीही केले नाही.

एका जाणत्या स्नेह्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, तेवढ्यावर आम्हांस सर्व काही आले असे वाटले. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आमच्या सौभाग्यवती आणि चौदा वर्षांची कन्या यांना घेऊन आम्ही निघालो. मुंबईच्या हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद वारे वाहतात. शाळेच्या भूगोलात आपण त्यांना मतलई वारे म्हणून ओळखले. त्या वाऱ्यावर होडी सुरेख चालली. आम्ही आंग्र्यांविषयी बरेच काही बोललो. दुपारी वारा पडला. मग समुद्राकडून खारे वारे सुटले आणि पाहता पाहता जोर धरू लागले. होडी एका अंगावर कलू लागली. हातातली शिडाची दोरी ओढून ओढून दुखू लागली, म्हणून आम्ही ती खुंटीस गच्च बांधून टाकली.

पुढचा झोत आला आणि होडी उलटली.

सौ. ना पोहता येत नव्हते. त्यांच्या आणि मुलीच्या अंगात जीवरक्षक जाकिटे होती, ही परमेश्वराची कृपा. आमच्या अंगात नव्हते. ते आपल्या वयास आणि हुद्द्यास शोभणार नाही, असे आम्हांस वाटले होते. होडीच्या कप्प्यांत पाणी शिरले आणि ती पाण्यासपाट झाली. किनारा जवळ भासत होता. पोहत जाऊन मदत आणावी, असा विचार आमच्या मनात आला. तेवढ्यात मुलगी ओरडली, "बाबा, होडी सोडू नका!" तिने ते कोठेतरी वाचले होते. आम्ही सोडली नाही. उलटलेली का होईना, होडी दुरून दिसते; पाण्यातले एकटे डोके दिसत नाही. शिवाय डोळ्यांना जवळ भासणारा किनारा ओहोटीच्या ओढीत हाती लागत नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते. एवढे पाणी सहा तासांत आत-बाहेर करते, तेव्हा त्यापुढे माणसाच्या हातापायांचे बळ ते किती!

सुमारे वीस मिनिटांनी मासेमारीच्या एका मचव्याने आम्हांस वर घेतले. तांडेलाने पैसे घेतले नाहीत, उपदेशही केला नाही. आमच्या होडीकडे एकवार पाहून त्याने एवढेच विचारले, "दोरी बांधून ठेवली होती काय?"

त्या प्रश्नाने आम्ही जेवढे ओशाळलो, तेवढे कोणत्याही वरिष्ठांच्या ताशेऱ्याने ओशाळलो नव्हतो.

घरी दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाल्या, "विकायची असेल तर खुशाल विका. पण ठेवणार असाल, तर आधी नीट शिका. आणि मलाही शिकू द्या." त्यांनी त्या उन्हाळ्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पोहण्याच्या वर्गात नाव घातले. नारळी पौर्णिमा होऊन, पावसाळा सरून शिडांचा हंगाम सुरू झाला, तेव्हा आम्ही तिघेही एका नौकाक्लबात नवशिके म्हणून दाखल झालो.

आमचे शिक्षक कोळीवाड्यातले, वय वर्षे तेवीस. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू, ते आम्हांस काका म्हणत. त्यांनी आम्हांस आमच्या होडीला हातसुद्धा लावू दिला नाही. पहिले दोन रविवार जमिनीवरच गेले. वारा कोठून येतो, ते गालांनी आणि कानांनी ओळखावयाचे. दोरीच्या गाठी डोळे मिटून मारावयाच्या. मग उथळ पाण्यात होडी मुद्दाम उलटी करावयाची आणि सरळ करावयाची. प्रथम माणसे मोजावयाची, मग होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभे राहून देहाचा भार टाकावयाचा. होडी हळूहळू उठते. हे दहा वेळा झाल्यावर उलटण्याचे भय गेले. ज्याचे भय वाटते ते आधी शिकवावे, ही त्या मास्तरांची पद्धत आम्हांस फार शहाणपणाची वाटली.

मग प्रत्यक्ष शीड. येथे आपल्यातील अभियंत्यांची क्षमा मागून थोडे शास्त्र सांगतो. वाऱ्याच्या दिशेने होडी जाते, यात नवल नाही. नवल हे की, ती वाऱ्याच्या विरुद्ध अंगासही जाऊ शकते. शिडाच्या फुगीर पाठीवरून वारा वाहताना शीड एका बाजूस ओढले जाते. तळाखालची फळी होडीला बाजूस सरकू देत नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो पुढे निसटतो. तशी होडी या दोन दाबांतून पुढे निसटते. मात्र नेमके वाऱ्याच्या तोंडावर कोणतीच शिडाची होडी जात नाही. दोन्ही बाजूंस सुमारे पंचेचाळीस अंश सोडावे लागतात. समोरचे ठिकाण गाठावयाचे तर आधी उजवीकडे तिरके, मग डावीकडे तिरके, असे नागमोडी जावे लागते. ज्या अधिकाऱ्याने आयुष्यभर सरळ टिपणी लिहून सरळ सही केली, त्याला हे पचावयास वेळ लागतो.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे हातात मुरावयास एक महिना लागला. वारा पाठीमागून असताना वळलो तर शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून सपकन फिरतो, हे समजावयास मात्र एक टेंगूळ पुरले.

परंतु खरा धडा एकच. झोत आला, होडी कलली, की आमची मूठ आपोआप दोरीवर घट्ट आवळली जाई. मास्तर शेजारून शांतपणे म्हणत, "काका, वाऱ्याशी भांडू नका. दोरी सोडा." दोरी सैल केली की शिडातला वारा निघून जातो आणि होडी आपल्या पायांवर उभी राहते. इतके सोपे! परंतु तीस वर्षांची नोकरी हेच शिकविते की, प्रसंग बिघडू लागला की पकड घट्ट करावी. ती सवय मोडावयास आम्हांस अख्खा हंगाम लागला. सौ. ना पंधरा दिवसांत जमले. संसारात दोरी केव्हा सोडावी, हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक असावे.

पुढे सुताराकडून होडीचा कुजका भाग काढून घेतला, कप्पे नव्याने बंद केले, आणि दोन हंगाम आम्ही तिघांनी तिचा मनसोक्त उपभोग घेतला. खर्चाचे विचाराल, तर स्वस्तात घेतलेल्या होडीने डागडुजीपायी तिच्या किमतीहून अधिक रक्कम घेतली.

नवशिकेपणाची लाज वाटू नये, म्हणून एक थोर उदाहरण सांगतो. शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. २००६ साली नौदलातले कमांडर दिलीप दोंदे यांनी त्यासाठी स्वतःहून नाव दिले. एकट्याने महासागर ओलांडण्याचा किंवा नौका बांधून घेण्याचा अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या दर्यावर्दी वृद्धाकडे राहून ते शिकले. गोव्यात दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका बांधली गेली. दांडेकरांनीही अशी शिडाची नौका पूर्वी बांधलेली नव्हती. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. दांडेकरांनीच पुढे बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये, आणि दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच २०२४-२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. या सर्व मालिकेच्या मुळाशी दोन मराठी नवशिके आहेत, हे ध्यानी घ्यावे.

बंधुभगिनींनो, हे नगर तरी कोणी उभारले? १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर, वर्धा, अमरावतीहून जे तरुण त्या काळी येथे आले, त्यांतल्या कितीजणांनी पूर्वी झोतभट्टी पाहिली होती? परक्या भाषेतल्या तज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून ते शिकले. आपले मंडळ ज्यांनी स्थापिले, तेही मंडळ चालविण्यात नवशिकेच होते. आज सभागृहातल्या पहिल्या रांगेत त्यांपैकी काही वडीलधारी मंडळी बसली आहेत. त्यांना आमचा नमस्कार. आपण त्यांच्या यशाचा उत्सव करतो, परंतु त्यांच्या न येण्याचा आणि मग शिकण्याचाही तो उत्सव आहे.

बदली होऊन येथे येताना आम्ही आमची होडी त्या क्लबातल्या मुलांसाठी ठेवून आलो. तिची एक दोरी मात्र सोबत आणली आहे. येत्या रविवारपासून सकाळी मंडळाच्या सभागृहात मुलामुलींना गाठी शिकविण्याचा आमचा मानस आहे. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या होडीचे शिक्षण दिले जाते, आणि भोपाळ येथून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे. हिवाळ्याच्या सुटीत मंडळाने मुलांची एक तुकडी तेथे न्यावी, अशी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. पोहता येणे ही पहिली अट, जाकीट ही दुसरी. वयाची अट नाही. पालकांनीही नावे द्यावीत.

मात्र होडी विकत घेण्याची घाई कोणी करू नये. आणि कधीकाळी घेतलीच, तर तिची दोरी बांधून ठेवू नये. तांडेलाने आम्हांस विचारलेला प्रश्न आम्ही आपल्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.