निर्मळची जत्रा आणि मी पुढे पाठवलेला मेसेज

(राजोडी येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



निर्मळच्या देवस्थानाबद्दल दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलं. आठवीत त्यावर निबंध लिहिणारी मीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. त्या निबंधाखाली बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'ऐकलेलं कोणतं आणि माहीत असलेलं कोणतं, ते वेगळं करून लिही.' बाई, उशिरा का होईना, आज तसं करून पाहते.

आधी ऐकलेलं. आजी सांगायची, या भागात विमल नावाचा असुर होता. शंकराचा मोठा भक्त, पण ऋषिमुनींना फार छळायचा. परशुरामांनी त्याला मारलं. त्याचं नाव मात्र पुसलं गेलं नाही. तळ्याला ते राहिलं आणि देवालाही राहिलं, विमलेश्वर. विमल म्हणजे मळ नसलेला आणि निर्मळ म्हणजेही तेच. मारल्या गेलेल्या असुराचं नाव देवाने स्वतःला लावून घेतलं, हे मला लहानपणी फार आवडायचं. आजही आवडतं.

देवस्थानात शंकराचार्यांची समाधी आहे, अशी परंपरा आहे. केदारनाथलाही शंकराचार्यांची समाधी सांगतात, मग खरी कोणती, असं मी वर्गात विचारलं होतं. सर म्हणाले, "अगं, ते आद्य शंकराचार्य. त्यांच्या गादीवर पुढे जे बसले त्यांनाही शंकराचार्यच म्हणतात. आपल्या शाळेत हेडमास्तर बदलले, तरी पाटी तीच राहते ना?" निर्मळची समाधी अशाच एका उत्तराधिकाऱ्यांची मानली जाते.

आता माहीत असलेलं. शेजारचं सोपारे म्हणजे महाभारतातलं शूर्पारक. समुद्राने परशुरामांना दिलेली भूमी म्हणून त्याचा उल्लेख येतो. जुनं बंदर ते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला बौद्ध स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा सापडला तो आपल्या भुईगावात. म्हणजे या मातीवर एकामागून एक किती श्रद्धा नांदल्या, ते पाहा.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या अमलात देवळं पाडली गेली, तीर्थस्नानाला बंदी आली. हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि मराठ्यांच्या काळात निर्मळचं देवस्थान पुन्हा उभं राहिलं. त्याच वेळच्या शरणागतीच्या तहात आणखी एक गोष्ट होती. इथे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक दिली होती. ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली.

सणाबद्दल तुम्हाला काय सांगायचं? कार्तिक वद्य एकादशीला पालखी निघते, त्याच दिवशी आळंदीलाही यात्रा असते. आपल्याला मात्र ओढ असायची ती जत्रेची. पाळणे, खाजा, बांगड्या आणि राजेळी केळ्यांची सुकेळी. सुकेळी मी विकत घेतल्याचं आठवत नाही. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची आजी लाल लुगडं नेसून टोपली घेऊन बसलेली असायची. गळ्यात क्रूस, समोर विमलेश्वराच्या जत्रेची गर्दी. मला बघून म्हणायची, "ये गं बाय, आधी खा, मग देवाला जा." मी खाऊनच देवळात जायची. उपास मोडला म्हणून देव कधी रागावल्याचं मला तरी जाणवलं नाही.

आता ज्यासाठी खरं तर मी उभी राहिले ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. पोर्तुगीजांनी देवळं कशी पाडली यापासून सुरुवात होती आणि शेवट आपल्याच शेजाऱ्यांना टोचणारा होता. तो मी पाठवला होता. मीटिंग चालू होती, पहिल्या चार ओळी वाचल्या, खऱ्या वाटल्या, पुढे ढकलला. ऑफिसात एक ओळ बदलली तरी तपासल्याशिवाय मी ती पुढे जाऊ देत नाही. बावीस वर्षं हेच काम करते आहे. इथे मात्र शेवटपर्यंत वाचायचे कष्टही घेतले नाहीत. संध्याकाळी ग्रुपवर एकच ओळ दिसली, ती ग्रुपमधून बाहेर पडल्याची. तिने भांडण केलं नाही. मीही फोन केला नाही. काय बोलायचं ते सुचेना, आणि दिवस गेले तसं आणखीच अवघड झालं.

देवळं पाडणारी सत्ता परक्यांची होती. माझ्या मैत्रिणीचे पूर्वज इथलेच, याच तळ्याकाठचे. मी चारशे वर्षांपूर्वीचा हिशेब, मला सुकेळी भरवणाऱ्या म्हातारीच्या नातीकडे मागितला.

ती आज आली आहे. सकाळी चहाच्या टेबलाशी आमची नजरानजर झाली, दोघींनीही कप बघितले. म्हणून सगळ्यांसमोर बोलते आहे. मेसेज सगळ्यांसमोर गेला होता, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी. माझं चुकलं. मला माफ कर.

आजी आता नाहीत, हे मला आजच कळलं. तेव्हा यायला हवं होतं.

माझ्या मुलीने निर्मळची जत्रा अजून पाहिलेली नाही. येत्या कार्तिकात तिला आणणार आहे. इथून निर्मळ काही मैलांवरच आहे. तू बरोबर आलीस, तर तिला अर्धी गोष्ट माझ्याकडून कळेल आणि उरलेली तुझ्याकडून. नाही आलीस तरी मी समजून घेईन.

बाई, ऐकलेलं आणि माहीत असलेलं वेगळं केलं आहे. या वेळी तपासूनच दिलं आहे.