180 रुपयांचा फरक

मी बोलतोय ओरत्तनाडुहून. तंजावर-पट्टुक्कोट्टै रस्त्यावरचं हे गाव. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावानं बांधलेलं छत्र इथंच आहे. पत्नी तंजावरची मराठी, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही इकडे आलो. मी साधा बी.ए. पायथॉन शिकलो तो साठी जवळ आल्यावर, आणि तेही पेन्शनच्या आकडेमोडीपुरतं.

आसपास माजी सैनिकांची घरं आहेत. वन रँक वन पेन्शनचे दर 1 जुलै 2019 पासून सुधारले, पण मंजुरी मिळाली डिसेंबर 2022 मध्ये. म्हणजे साडेतीन वर्षांची थकबाकी. जुना दर, नवा दर, मधला फरक, त्यावर त्या त्या महिन्याचा महागाई दिलासा. हे हातानं करायचं तर चूक होणारच. मी पंधरा-वीस ओळींचा कोड लिहिला आणि तो हाताशी असावा म्हणून सगळीकडे ठेवला. गूगल कीपमध्ये एक प्रत, नोशनमध्ये एक, व्हीएस कोडच्या स्निपेटमध्ये एक. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेली एक. मला वाटलं, चार ठिकाणी आहे म्हणजे सुरक्षित आहे.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. कोविडमध्ये महागाई दिलासा 17 टक्क्यांवर गोठवला होता. जुलै 2021 पासून तो 28 झाला. मग ऑक्टोबरमध्ये आणखी 3 टक्के वाढले आणि तेही 1 जुलैपासूनच लागू. म्हणजे त्या सहामाहीचा खरा आकडा 31. मी एका प्रतीत 31 केलं, दुसरीत 28 तसंच राहिलं. पुढचे 34 आणि 38 मात्र दोन्हीकडे बरोबर, त्यामुळे नजर टाकली तर काही खटकत नव्हतं.

एका दिवंगत हवालदारांच्या पत्नी आल्या. सत्तरीच्या असतील. मी मोबाइल उघडला, जी प्रत आधी सापडली तिच्यातून हिशोब केला आणि कागदावर लिहून दिला. त्यांचा महिन्याचा फरक हजाराच्या आसपास. हजारावर 3 टक्के म्हणजे 30 रुपये, सहा महिन्यांचे 180. थकबाकी खात्यात जमा झाली ती माझ्या कागदापेक्षा तेवढी जास्त. बँकेचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. पण अम्मांचा विश्वास माझ्या कागदावर! सरकारनं चुकून जास्त दिले, पुढे वसुली करतील, या धास्तीनं त्यांनी दोन महिने त्यातल्या एका पैशाला हात लावला नाही. छप्पर गळत होतं, ते तसंच गळू दिलं. मग एकदा येऊन विचारलं, "सार, जास्तीचे परत कुठे भरायचे?"

त्या रात्री मला युनिटचा हेडक्लार्क आठवला. लष्करी पुस्तिकांना दुरुस्तीपत्रकं येत. क्लार्क ती कापून जागेवर चिकटवायचा आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यात दुरुस्तीचा क्रमांक, तारीख, सही करायचा. पुस्तिका हातात घेतली की तिच्यात कुठवरच्या दुरुस्त्या आहेत ते आधी दिसे. तरुणपणी हे काम मला फार कंटाळवाणं वाटे.

तर आता माझ्याकडे कोडचं घर एकच, गिटमधलं एक फोल्डर. तिथं प्रत्येक बदल तारखेसह राहतो, जुना आकडाही काढून बघता येतो. कीप, नोशन, व्हॉट्सअ‍ॅप मी सोडलेलं नाही. पण तिथं कोड चिकटवत नाही, फक्त फाइलचं नाव आणि दुवा. नोंद कुठंही करा, कोड एकाच जागी. दुसरं, दर मी कोडमधून बाहेर काढले. त्यांची वेगळी सीएसव्ही फाइल आहे, तिच्यात तारखांचे दोन रकाने: दर कधीपासून लागू आणि आदेश कधी निघाला. माझी चूक या दोन तारखांच्या मधल्या फटीतच झाली होती. कोडच्या डोक्यावर तो काय करतो, कधी तपासला, आणि हातानं सोडवलेलं एक उदाहरण उत्तरासकट. उदाहरणाचं उत्तर जुळलं नाही तर कागद द्यायचा नाही.

कोणी म्हणेल, सर्च आहे की. आहे, पण सर्च प्रत शोधून देतो, खरी कुठली ते सांगत नाही. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल कागद सांभाळतो, पण आत काय आहे ते कळायला सूचीच लागते. आपली अ‍ॅप्स म्हणजे असे रुमाल. शिवाय अ‍ॅप निवडताना मी आधी बघतो की त्यातून सगळं बाहेर काढता येतं का. नोशनमधून मार्कडाउन निघतं, कीपमधलं टेकआउटनं मिळतं. ऑब्सिडियन तर मुळातच साध्या फाइली तुमच्याच संगणकावर ठेवतं.

1 जुलै 2024 पासूनच्या दरांसाठी अम्मा पुन्हा आल्या. मी छापील कागद दिला, खाली दरांच्या फाइलची तारीख. त्यांनी पिशवीतून माझा जुना कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "यातला कुठला ठेवू?" जुना मी मागून घेतला. तो आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.